संबोधनिर्मिती आणि बुद्ध्यांक : कामत मापनीचे पुनर्वाचन
(कडोदऱ्याच्या बहुभाषिक परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत 'संबोधनिर्मिती' आणि 'बुद्धिमत्ता' ही दोन प्रकरणे बहुधा शेजारी शेजारी असतात. परंतु त्यांच्यामधील दार सहसा बंदच राहते. पहिल्या प्रकरणात पियाजे, व्हिगॉट्स्की आणि ब्रूनर येतात. बालक वस्तूंमधील साम्यभेद पाहते, त्यातून सामान्यीकरण करते व संबोध तयार करते, असे तेथे सांगितले जाते. दुसऱ्या प्रकरणात बिने, टर्मन आणि वेक्स्लर येतात. मानसिक वयाला शारीरिक वयाने भागून शंभराने गुणण्याचे सूत्र येते आणि बुद्ध्यांकाची कोष्टके येतात. दुसऱ्या प्रकरणातील कसोट्यांचा मोठा भाग पहिल्या प्रकरणातील संबोधांवरच उभा आहे, ही गोष्ट मात्र विद्यार्थ्याला क्वचितच सांगितली जाते. शब्दार्थ, साम्य, भेद, व्याख्या हे बुद्धिमापनाचे नेहमीचे प्रश्न म्हणजे बालकाने कोणते संबोध कोणत्या पद्धतीने बांधले आहेत याची तपासणीच होय. असे असेल तर, संबोध बांधण्याची एकच पद्धत श्रेष्ठ मानून बुद्धी मोजली जात आहे काय, हा प्रश्न टाळता येत नाही.

मराठी शिक्षकाने हा प्रश्न विचारण्यास एक विशेष कारण आहे. भारतीय मुलांसाठी तयार झालेल्या सर्वांत प्रसिद्ध बुद्धिमापन कसोट्यांपैकी एक मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांवरच प्रमाणित झाली. धारवाड येथे व्ही. व्ही. कामत यांनी बिने मापनीची ही भारतीय आवृत्ती सिद्ध केली. तिच्यासंबंधीचे त्यांचे लेखन १९३४ मध्ये इंग्लंडमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आले आणि पुढे १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. 'बिने-कामत कसोटी' या नावाने ती पुढील अनेक दशके रुग्णालयांत, बालमार्गदर्शन केंद्रांत आणि विशेष शाळांत वापरली गेली. मराठी मुलाच्या बुद्धीविषयी अधिकृतपणे काही बोलले गेले ते बऱ्याच वेळा याच कसोटीच्या आधारे.

कामत यांचे काम आणि त्याची चौकट

कामत यांच्या कार्याचे मोल प्रथम मान्य करावयास हवे. १९३० च्या दशकात परदेशी कसोट्यांचे केवळ भाषांतर करून मोकळे होण्याचा मार्ग सोपा होता. तो त्यांनी स्वीकारला नाही. एखादा प्रश्न अमेरिकेत ज्या वयाला सुटतो त्याच वयाला तो धारवाडच्या मुलाला सुटेल असे गृहीत न धरता त्यांनी प्रत्यक्ष मुले तपासली, काही प्रश्न बदलले आणि वयोपातळ्या नव्याने लावल्या. एकाच कसोटीत दोन भाषांची मुले घेणे हेही त्या काळी धाडसाचे होते. त्यांच्या परिश्रमाविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु त्यांनी स्वीकारलेली चौकट होती ती लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेल्या आवृत्तीची. या आवृत्तीतील एक उतरंड बारकाईने पाहण्यासारखी आहे. पाच वर्षांच्या मुलाला खुर्ची, घोडा, बाहुली, पेन्सिल यांसारख्या वस्तू म्हणजे काय असे विचारले जाते. 'बसायची', 'लिहायची' असा उपयोग सांगितला तरी त्या वयाला उत्तर बरोबर धरले जाते. आठव्या वर्षी मात्र उपयोगाच्या वरची व्याख्या अपेक्षित असते; वाघ, शिपाई यांसारख्या शब्दांसाठी मुलाने जात, वर्ग किंवा वर्णन सांगावयाचे असते. सातव्या वर्षी माशी आणि फुलपाखरू, दगड आणि अंडे यांतील फरक विचारला जातो. आठव्या वर्षी लाकूड आणि कोळसा, लोखंड आणि चांदी यांतील साम्य. म्हणजे उपयोगाने विचार करणे ही खालची पायरी आणि वर्गाने विचार करणे ही वरची, असा विकासक्रम या मापनीने गृहीत धरला आहे. भारतीय रूपांतरांनी शब्द बदलले, वये बदलली; हा क्रम तत्त्वतः तसाच ठेवला.

वेक्स्लर यांच्या मापनीतही साम्य ओळखण्याची उपकसोटी आहे. तेथे दोन वस्तूंचे वर्गनाम सांगितले तर पूर्ण गुण मिळतात. उपयोग किंवा एखादा गुणधर्म सांगितला तर कमी. या मापनीचे भारतीय रूप नागपूर येथे आर्थर मलिन यांनी १९६९ मध्ये तयार केले. तेही मराठी शिक्षकांच्या घरचेच म्हणावयास हवे. अध्ययनातील विशिष्ट अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी केंद्र शासनाने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत बुद्ध्यांक तपासण्यासाठी मलिन यांच्या मापनीचे नाव आहे. तेव्हा हा वाद जुन्या ग्रंथांपुरता मर्यादित नाही. त्यावर मुलांच्या सवलती, परीक्षेतील वेळ आणि काही वेळा शाळाही ठरते.

येथे मानसशास्त्राच्या इतिहासातील एक प्रसंग आठवतो. १९२० च्या सुमारास तरुण पियाजे पॅरिसमध्ये बिने यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. सिरिल बर्ट यांच्या तर्कविषयक प्रश्नांचे फ्रेंच मुलांसाठी प्रमाणीकरण करणे हे त्यांचे काम होते. त्यांना रस वाटू लागला तो मुलांच्या चुकलेल्या उत्तरांत. ही उत्तरे अंदाधुंद नसून त्यांना स्वतःचे असे तर्कशास्त्र आहे, हे त्यांच्या लक्षात आले. बुद्धिमापनाने जे उत्तर शून्य गुण देऊन टाकून दिले, त्याच उत्तरातून संबोधनिर्मितीचे आधुनिक शास्त्र जन्मले. दोन्ही प्रकरणांमधील दार येथे होते आणि ते नंतर बंद झाले.

कडोदऱ्याचे मूल

सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यातील कडोदरा हे गाव मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-धुळे रस्ता जेथे एकमेकांना छेदतात तेथे वसले आहे. बारडोली, व्यारा, नवापूर या वाटेने खानदेश येथून सरळ जोडला जातो. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्या आणि यंत्रमाग यांमुळे या पट्ट्यात ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार आणि महाराष्ट्र येथून आलेली कुटुंबे राहतात. सुरत शहरातही हेच चित्र मोठ्या प्रमाणावर दिसते. महानगरपालिकेच्या शिक्षण समितीला गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया आणि तेलुगू माध्यमांच्या शाळा चालवाव्या लागल्या, यावरून भाषांची गर्दी लक्षात यावी.

अशा वस्तीतील नऊ वर्षांच्या मुलाचे चित्र डोळ्यांसमोर आणता येईल. घरी अहिराणी किंवा दखनी वळणाची उर्दू, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, शाळेत या तिन्हींहून निराळी पुस्तकी भाषा. घरातील स्त्रिया साड्यांना लेस लावतात, खडे चिकटवतात, धागे कापतात. त्यामुळे मुलाला ताका म्हणजे काय, पन्हा म्हणजे काय, ताणा कुठला आणि बाणा कुठला हे माहीत असते. जॉर्जेट आणि शिफॉन यांतील फरक ते बोटांनी सांगू शकते. राणी, गाजरी, मोरपंखी, मेंदी, डाळिंबी, आमसुली हे रंग त्याच्यासाठी वेगवेगळे आहेत. त्या सर्वांना 'लाल' किंवा 'हिरवा' म्हणून मोकळे होणे त्याला अडाणीपणाचे वाटेल. रंगाचा डाग चुकला तर अख्खा ताका परत येतो.

या मुलाला 'साडी आणि चादर यांत सारखे काय?' असे विचारले, तर 'दोन्ही कापड' हे अपेक्षित उत्तर ते देईलच असे नाही. 'सारखे कसे? साडीला फॉल लागतो, चादरीला नाही', असे ते म्हणू शकेल. कसोटीच्या दृष्टीने हे साम्याच्या प्रश्नाला दिलेले भेदाचे उत्तर, म्हणून शून्य. मुलाच्या दृष्टीने मात्र प्रश्नच बावळटपणाचा आहे. मोठ्या माणसाने विचारला म्हणून त्यात काही तरी खोच असणार असे समजून ते आपल्याला माहीत असलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगते.

लुरिया यांचा उझबेकिस्तानातील अनुभव

हे केवळ कल्पनेतील चित्र आहे असा आक्षेप येऊ शकतो. म्हणून या प्रश्नावरील सर्वांत गाजलेल्या क्षेत्रीय अभ्यासाकडे वळणे योग्य ठरेल. व्हिगॉट्स्की यांचे सहकारी अलेक्झांडर लुरिया १९३१ आणि १९३२ मध्ये मध्य आशियात, मुख्यतः उझबेकिस्तानातील खेड्यांत गेले. शतकानुशतके मुस्लिम असलेल्या या शेतकरी समाजात तेव्हा नवीन शाळा आणि सामुदायिक शेती येत होती. लुरिया यांनी हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका अशी चार चित्रे दाखवून वेगळे कोणते ते विचारले. शाळा न पाहिलेल्या शेतकऱ्यांनी ओंडका बाजूला काढण्यास नकार दिला. ओंडकाच नसेल तर करवत आणि कुऱ्हाड काय कामाची, असा त्यांचा मुद्दा होता. थोडेबहुत शाळेत गेलेल्या तरुणांनी मात्र 'ही तीन हत्यारे' असे म्हणून ओंडका सहज वेगळा काढला.

सुरतच्या वाचकाला या अभ्यासातील रंगांचा भाग अधिक जवळचा वाटेल. पडद्यात राहणाऱ्या आणि भरतकामात निष्णात असलेल्या स्त्रियांना लुरिया यांनी रंगीत लडींचे गट पाडण्यास सांगितले. या स्त्रियांनी रंगांना फळाफुलांची व वस्तूंची नावे दिली आणि गट पाडण्याचे नाकारले. यांतील कोणतीच लड दुसरीसारखी नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ज्यांना रंगाची जाण सर्वाधिक होती, त्या वर्गीकरणाच्या प्रयोगात सर्वांत मागे पडल्या. कडोदऱ्याच्या रंगखात्यातील कोणाही कारागिराला त्यांची अडचण तत्काळ समजेल.

लुरिया यांनी या उत्तरांचा अर्थ काय लावला? प्रत्यक्ष व्यवहाराशी बांधलेल्या विचारापासून अमूर्त, वर्गनिष्ठ विचाराकडे होणारे ऐतिहासिक संक्रमण त्यांना येथे दिसले. त्यांचे मोठेपण असे की हा फरक त्यांनी वंशाला किंवा जन्मजात बुद्धीला चिकटवला नाही. शाळा आणि बदललेले श्रमजीवन यांना चिकटवला. तरीही मॉस्कोमध्ये त्यांच्यावर अल्पसंख्य समाजांना कमी लेखल्याचा ठपका आला आणि हे संशोधन पुस्तकरूपाने १९७४ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकले नाही. ठपका ठेवणाऱ्यांचा हेतू काहीही असो, लुरिया यांच्या मांडणीत एक दुबळा दुवा आहे हे मान्य करावे लागते. 'त्याने तसे वर्गीकरण केले नाही' यावरून 'तो तसे करू शकत नाही' असे अनुमान काढले गेले आहे.

हा दुवा लायबेरियात उघडा पडला. मायकेल कोल, जोसेफ ग्लिक आणि त्यांचे सहकारी तेथील क्पेले शेतकऱ्यांबरोबर काम करीत होते. शेतकरी वस्तूंच्या जोड्या उपयोगाप्रमाणे लावीत आणि शहाणा माणूस असेच करील असे सांगत. शेवटी कंटाळून, मूर्ख माणूस हे कसे करील, असे विचारण्यात आले. तेव्हा त्यांनी वस्तू वर्गाप्रमाणे, म्हणजे संशोधकांना हव्या होत्या तशाच, नीट मांडून दाखवल्या! बुद्धिमापनाच्या संपूर्ण वाङ्मयात इतकी मार्मिक घटना दुसरी सापडणे कठीण. संबोध त्यांच्याजवळ होता. तो कोणत्या प्रसंगी वापरावा याविषयीचे त्यांचे मत परीक्षकाच्या मताहून वेगळे होते.

पियाजे यांच्या प्रयोगांबाबतही असेच घडले. मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते हा संबोध मुलांमध्ये साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास येतो, असे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले होते. मेक्सिकोतील कुंभारांच्या मुलांवरील १९६९ च्या अभ्यासात ही मुले मातीविषयीच्या प्रश्नांत इतर मुलांच्या पुढे असल्याचे दिसले. मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ मधील आपल्या ग्रंथात आणखी एक गोष्ट दाखवून दिली : मूल अनेकदा शब्दांना उत्तर देत नाही, तर प्रौढ माणसाला काय हवे असावे याच्या आपल्या अंदाजाला उत्तर देते. प्रश्नच परक्या भाषेत असेल तर हा अंदाज अधिकच चुकणार, हे सांगावयास नको.

भाषेचा हिशेब

शब्दसंग्रहाची उपकसोटी एकूण बुद्ध्यांकाशी सर्वांत निकटचे नाते दाखवणाऱ्या उपकसोट्यांपैकी एक आहे. एका भाषेत वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत यात फारसे आश्चर्य नाही. शब्द हा संबोधाचा वाहक असल्याने ज्याने अधिक संबोध मिळवले त्याच्याजवळ शब्दही अधिक. तीन-चार भाषांत वाढणाऱ्या मुलाचा हिशेब निराळा लागतो. त्याला 'पन्हा' घरी मिळाला, 'बिल' दुकानात, 'त्रिकोण' शाळेत. कोणत्याही एका भाषेत मोजले तर त्याची झोळी अर्धी भरलेली दिसते. अमेरिकेत इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत वाढणाऱ्या बालकांवर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दोन्ही भाषांतील संबोध एकत्र मोजले, तेव्हा ही बालके एकभाषिक बालकांच्या मागे राहिली नाहीत. भारतात अजित मोहंती यांनी ओडिशातील कोंध समाजात केलेल्या अभ्यासातून कुई आणि ओडिया या दोन्ही भाषा बोलणारी मुले बौद्धिक कामगिरीत एकभाषिक मुलांपेक्षा सरस ठरल्याचे पुढे आले.

बहुभाषिकता म्हणजे गोंधळ, हा समज शिक्षकांच्या खोलीत अजूनही ऐकू येतो. गोंधळ होतो हे खरे. पण तो बहुतेक वेळा शब्दांचा असतो. हिंदीतील 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीतील 'शिक्षा' म्हणजे दंड. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या मुलाला हे एकदा उमगले की, शब्द आणि अर्थ यांचे नाते माणसांनी ठरवलेले आहे हेही त्याला उमगते. अमूर्त विचाराचे हे पहिले पाऊलच आहे आणि एकभाषिक मुलाला ते बरेच उशिरा टाकावे लागते.

भाषेशिवाय संबोध बनू शकतात काय, हा प्रश्न जुना आहे. बाराव्या शतकात अंदलुसमधील इब्न तुफैल यांनी आपल्या 'हय्य बिन यक़्ज़ान' या तात्त्विक कथेत निर्जन बेटावर हरिणीच्या दुधावर वाढलेल्या बालकाचे चित्र रेखाटले. हे बालक कोणतीही मानवी भाषा न शिकता केवळ निरीक्षणाने, तुलनेने आणि विच्छेदनाने प्राणी, वनस्पती, शरीर, जीव अशा संबोधांपर्यंत पोहोचते. भाषा त्याला फार नंतर, बेटावर आलेल्या एका माणसाकडून मिळते. १६७१ मध्ये या कथेचे लॅटिन भाषांतर प्रसिद्ध झाल्यावर युरोपातही तिची चर्चा झाली. व्हिगॉट्स्की यांना ही कल्पना पटली नसती. त्यांच्या मते, एकटे मूल ढीग रचते, व्यामिश्र गट बनवते. खरा संबोध मात्र शब्दाच्या आणि जाणत्या माणसाच्या सहवासातच पक्का होतो. आजचा शिक्षक या बाबतीत व्हिगॉट्स्की यांच्या बाजूला उभा राहील, पण हय्यचे विच्छेदन पाहून त्याला प्रयोगशाळेची आठवण आल्यावाचून राहणार नाही.

दुसऱ्या टोकाचा मोह

येथवरचे विवेचन वाचून एक सोयीस्कर निष्कर्ष काढण्याचा मोह होईल : कसोट्या खोट्या, कारागिराच्या मुलाचे व्यवहारज्ञान हेच खरे ज्ञान, शाळेने त्यात ढवळाढवळ करू नये. गरीब आणि अल्पसंख्य वस्त्यांविषयी आस्था बाळगणाऱ्या लेखनात हा सूर वारंवार येतो. तो गोड आहे आणि घातकही आहे. वर्गनिष्ठ संबोधाचे सामर्थ्य मोठे असते. 'धातू' हा संबोध आला की कधी न पाहिलेल्या वस्तूविषयीही मूल अंदाज बांधू शकते. व्यवहारातील संबोध अशी उडी सहसा मारू देत नाहीत.

ब्राझीलमधील रेसिफे शहरातील रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांवरील १९८५ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. विक्री करताना या मुलांचे ९८ टक्के हिशेब बरोबर आले. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत दिल्यावर यशाचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. हा अभ्यास मुलांची हुशारी दाखवण्यासाठी नेहमी उद्धृत होतो. त्यातील दरी मात्र कोणी फारशी दाखवत नाही. २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारात काम करणाऱ्या मुलांवर केलेले संशोधन आले. तेथेही बाजारातील गणित वर्गात उतरत नव्हते. त्याहून अस्वस्थ करणारी बाब अशी की शाळेत जाणाऱ्या मुलांचे वर्गातील गणितही बाजारात उतरत नव्हते. दार दोन्ही बाजूंनी बंद.

बुद्ध्यांक शिक्षणाने बदलतो याचे पुरावेही आता पुरेसे आहेत. जेम्स फ्लिन यांनी अमेरिकेतील १९४७ ते २००२ या काळातील बाल-बुद्धिमापनाची तुलना केली, तेव्हा साम्य ओळखण्याच्या उपकसोटीत सुमारे २४ गुणांकांची वाढ दिसली. अंकगणितात ती जेमतेम दोनच होती. पूर्वीच्या पिढीतील मुलाला कुत्रा आणि ससा यांचा संबंध विचारला तर कुत्र्याने सशाची शिकार करतात असे ते सांगे आणि आजचे मूल दोन्ही सस्तन प्राणी असे सांगते, असे फ्लिन यांनी या वाढीचे स्पष्टीकरण केले. दोन पिढ्यांत अमेरिकन मेंदू बदलला असे कोणी म्हणत नाही. शाळेने जगाकडे पाहण्याचा चष्मा बदलला. रिची आणि टकर-ड्रॉब यांनी २०१८ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले. शाळेचे प्रत्येक जादा वर्ष बुद्ध्यांकात एक ते पाच गुणांकांची भर घालते असे त्यांना आढळले.

हे वाचल्यावर कामत मापनीकडे परत यावे लागते. तिने मोजलेली गोष्ट खोटी नाही. तिच्या शिरावर लावलेली पाटी चुकीची आहे. वर्गनिष्ठ संबोध हा बहुतांशी शिकवण्याचा परिणाम असताना, ज्यांना ते शिकवले गेले नाही त्यांच्या नावापुढे 'बुद्धी कमी' अशी नोंद झाली. स्वतः बिने यांनी १९०९ मधील आपल्या ग्रंथात बुद्धी कायमची ठरलेली असते आणि वाढवता येत नाही या मताला जोरदार विरोध केला होता. त्यांची मापनी मदतीची गरज असलेली मुले शोधण्यासाठी होती. अटलांटिक ओलांडल्यावर ती शिक्का बनली आणि धारवाडला पोहोचली ती शिक्क्यासह.

कोसबाडची वाट

मापनकारांनी न पाहिलेली वाट मराठी शिक्षणात त्याच काळात एका बाईंनी पाहिली होती, हे नमूद केल्यावाचून हे परीक्षण पुरे होणार नाही. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम करीत होत्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. कडोदऱ्याहून दक्षिणेस, गुजरातच्या सीमेलगतच्या या भागात वारली मुलांसाठी त्यांनी बालवाडी अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. माँटेसरींची महागडी साधने बाजूला ठेवून दगड, पाने, बिया, शिंपले यांतून लहान-मोठे, जड-हलके, रंग आणि संख्या शिकवली.

ताराबाईंचे श्रेय 'स्थानिक साहित्य' या शब्दात संपवले जाते, हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. बिया मुलांनी आधीही पाहिल्या होत्या. त्यांचे कौशल्य बियांची रांग लावण्यात, त्या रांगेला नाव देण्यात आणि मग तेच नाव पानांच्या रांगेला लावून पाहण्यात होते. मुलाच्या संबोधापासून निघून शाळेच्या संबोधापर्यंत जाण्याचा हा पूल व्हिगॉट्स्की यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात तत्त्व म्हणून मांडला; कोसबाडला तो अंगणात बांधला गेला. त्यांच्या प्रयोगात उणीव होती ती मोजणीची. कोणत्या मुलाला काय किती आले याची पद्धतशीर आकडेवारी त्या परंपरेने मागे ठेवली असती, तर कामत यांच्या कोष्टकांना एक सबळ उत्तर मिळाले असते.

कम्युनिटी कॉलेजातील वर्ग

कम्युनिटी कॉलेजात येणारा विद्यार्थी नऊ वर्षांचा नसतो. तो अठरा-वीस वर्षांचा, मध्येच शाळा सुटलेला, एखाद्या वेळी 'डोके चालत नाही' असा शेरा घेऊन आलेला असतो. लहानपणी त्याने बांधलेले संबोध अजून त्याच्याजवळ असतात आणि त्यांवर दहा वर्षांच्या कामाची भर पडलेली असते. प्रवेशाच्या वेळी त्याची अभिक्षमता तपासण्यासाठी दिला जाणारा कागद बहुधा साम्य, भेद आणि गटात न बसणारा शब्द अशाच प्रश्नांचा असतो. त्याच्या उत्तराखाली 'का?' विचारण्यासाठी एक ओळ सोडली, तर त्या कागदाचा उपयोग पुष्कळ वाढेल. ओंडका का ठेवला हे त्याने लिहिले, की शिक्षकाला पुढचा पाठ कोठून सुरू करावयाचा हे कळते.

दशांश अपूर्णांकांचे उदाहरण घेऊ. ब्लाउजपीससह साडीची लांबी सुरतच्या व्यापारात ६.३० मीटर धरतात आणि बोलताना 'सहा तीस' म्हणतात. येथे तीस म्हणजे तीस सेंटीमीटर. ६.३ आणि ६.३० यांत मोठे कोणते असे विचारल्यास, तीस तीनापेक्षा मोठे म्हणून ६.३० मोठे, असे उत्तर येऊ शकते. ते चूक आहे, पण त्यामागे साडीच्या मापाचा पक्का अनुभव आहे. पुढे हाच विद्यार्थी वजनकाट्यावर ६.३० किलो वाचतो, तेव्हा तेथील तीस म्हणजे तीस ग्रॅम नव्हे, तीनशे ग्रॅम. आणि घड्याळात सहा तीस म्हणजे चक्क साडेसहा. एकाच उच्चाराचे हे तीन अर्थ तो रोज न अडखळता वापरतो, कारण तिन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले आहेत. मीटरपट्टी, काटा आणि घड्याळ ही तिन्ही एका टेबलावर ठेवून, एकाचे किती समान भाग केले आहेत, शंभर, हजार की साठ, एवढाच प्रश्न शिक्षकाने विचारावा. पहिल्या तासाला वर्ग गप्प बसेल. मग कोणीतरी पट्टी उचलून तीस सेंटीमीटरची खूण शोधेल आणि तेथून मीटरचे दहा भाग मोजू लागेल.